गुरूचे नाव

दिवाळी अंकात मास्तराने लेख लिहावा आणि त्यात स्वतःचीच फजिती सांगावी हे शोभत नाही, असे आमच्या घरात मत पडले. मास्तराने उपदेश करावा; फार तर लहानपणच्या मातीच्या किल्ल्याच्या आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानाच्या आठवणी सांगाव्यात. फराळ करता करता वाचायला ते बरे असते. परंतु गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि तो फजितीशिवाय सांगता येत नाही. प्रश्न असा : ज्या गुरूने मला कधी पाहिले नाही, ज्याला माझे नावही ठाऊक नाही, त्याचे माझ्यावर काही ऋण आहे काय? आणि असेल, तर ते फेडायचे कसे?

मी दहावी पास. आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक. इंटरमिजिएट ड्रॉइंगचा दाखला आणि बऱ्यापैकी वळणदार अक्षर एवढ्या भांडवलावर कृष्णाकाठच्या एका गावातील लहानशा खासगी शाळेत मी वीस वर्षे चित्रकला शिकवीत आलो आहे. बदली तासाला मराठीही शिकवतो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन छापून आल्या आहेत. त्या वाचलेला माणूस मला अजून एस. टी.त भेटलेला नाही. पण आशा सोडलेली नाही.

२०२० साली टाळेबंदी आली आणि शाळेला कुलूप लागले. मुलांना घरबसल्या चित्रकला शिकवायची, म्हणजे मोबाइलवर काहीतरी पाठवायचे. पुतण्याने टाकून दिलेला एक संगणक माझ्या वाट्याला आला. चित्रे एका पानावर नीट मांडून मुलांना कशी दाखवावीत, याचा शोध घेता घेता मी व्हिडिओंच्या धड्यांवर येऊन पोहोचलो. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसलो.

माझे गुरू दोन. एक हिंदीत वेबपान करायला शिकवायचा. दुसरा दूर कुठेतरी इंग्रजीत चित्रांना आणि अक्षरांना हालचाल द्यायला शिकवायचा. त्याचे इंग्रजी मला निम्मे कळे. म्हणून मी त्याला पाऊण वेगाने बोलायला लावीत असे. तसा तो फार सावकाश आणि किंचित झोपाळू वाटे. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारीत, ''तुमचे गुरुजी आजारी आहेत का?''

काय शिकलो ते थोडक्यात सांगतो. वेबपानाचे काम घर बांधण्यासारखे आहे. एचटीएमएल नावाच्या भाषेने भिंती उभ्या करायच्या : हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र. मथळ्यांच्या सहा पायऱ्या असतात, मोठ्यापासून लहानापर्यंत. मग सीएसएस नावाच्या दुसऱ्या भाषेने रंग, अंतर, तोरण. या दुसऱ्या भाषेत प्रत्येक आज्ञेनंतर अर्धविराम लागतो. एका रात्री माझा मथळा काही केल्या केशरी होईना. दोन तास मी त्या पानाशी झटलो. चूक निघाली ती वरच्या ओळीतल्या राहून गेलेल्या एका अर्धविरामाची. त्या एका टिंब-स्वल्पविरामापायी दोन ओळी एकमेकींत मिसळून निरर्थक झाल्या होत्या, आणि ब्राउझरने काही न बोलता दोन्ही सोडून दिल्या होत्या. बदली तासाला मुलांच्या वह्यांतल्या अर्धविरामांवर मी किती लाल शाई सांडली असेल! स्वतःला तो नडला तेव्हा मात्र त्याची खरी किंमत कळली.

दुसरी विद्या हालचालीची. तिचा पहिला धडा जगभर बहुधा एकच असतो : उडणारा चेंडू. चेंडू वर असताना एक खूण करायची, जमिनीला टेकताना दुसरी. या खुणांना कीफ्रेम म्हणतात. हाताने चित्रे काढायच्या काळात मुख्य चित्रकार महत्त्वाच्या अवस्था काढी आणि मदतनीस मधली चित्रे भरीत. आता मधली चित्रे संगणक भरतो. पण नुसत्या दोन खुणांनी चेंडू उडत नाही, तो सरकतो. जमिनीकडे येताना त्याचा वेग वाढला पाहिजे, वर जाताना मंदावला पाहिजे, टेकताना तो किंचित चपटा झाला पाहिजे. डिस्नेच्या स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात अशी बारा तत्त्वे मांडून ठेवली आहेत. माझा चेंडू पहिल्या आठवड्यात दगडासारखा पडे आणि फुग्यासारखा वर जाई. एकविसाव्या प्रयत्नाला तो चेंडूसारखा उडाला, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि घरात दाखवायला कोणी जागे नव्हते.

वीस वेळा मी चुकलो आणि गुरू एकदाही रागावला नाही. त्याने डोक्याला हात लावला नाही, 'किती वेळा सांगायचं?' असे म्हटले नाही. सलमान खान म्हणून एक गृहस्थ आहेत. सिनेमातले नव्हेत, हे बॉस्टनला नोकरी करीत होते. २००४ साली ते दूर राहणाऱ्या नात्यातल्या एका बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागले, मग इतर भावंडांना. आणि २००६ पासून त्यांनी ते धडे यूट्यूबवर ठेवले. त्यांनीच पुढे २०११ सालच्या एका जाहीर व्याख्यानात सांगितले, की भावंडांना प्रत्यक्ष खानांपेक्षा पडद्यावरचे खान अधिक आवडू लागले. कारण साधे होते. पडद्यावरच्या माणसाला थांबवता येते, तेच वाक्य दहा वेळा बोलायला लावता येते, आणि आपल्याला कळले नाही याची लाज वाटत नाही. हे वाचले तेव्हा मास्तर म्हणून मला जरा झोंबले. का झोंबले, ते पुढे येईलच.

२०२३ च्या जानेवारीत शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. शाळेची वेबसाइट करायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. पान उघडताच अंधारातून एक पणती उजळते, ज्योत थरथरते आणि उजेडातून शाळेचे नाव वर येते, अशी आरास मी केली. सभागृहात पडद्यावर ती दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शाल घातली, श्रीफळ दिले आणि 'आमच्या सरांची प्रतिभा' असा शब्द वापरला. मी मान लववून तो शब्द घेतला.

आता खरे सांगतो. ती पणती माझी नव्हती. पाऊण वेगाने बोलणाऱ्या माझ्या गुरूने मेणबत्तीच्या ज्योतीचा एक धडा दिला होता आणि सरावासाठी स्वतःची फाइलही सर्वांना मोकळी ठेवली होती. मी मेणबत्ती काढून तिथे पणती ठेवली. ज्योत त्याची, तिची थरथर त्याची, अंधारातून उजेड येण्याची गती त्याची. मी रंग जरा बदलला होता.

कार्यक्रमानंतर चार दिवसांनी नववीतली एक मुलगी तासानंतर थांबली. आईच्या मोबाइलवर तिने तो धडा पाहिला होता. उद्धटपणाचा लवलेशही न ठेवता तिने विचारले, ''सर, ती ज्योत तुम्ही केलीत की तिथली घेतलीत?''

मी म्हणालो, ''अगं, शिकताना असं घ्यावंच लागतं.''

''हो सर,'' ती म्हणाली आणि गेली. माझे उत्तर खोटे नव्हते. पण त्या उत्तराने मला झोप लागली नाही, कारण तेच उत्तर मी एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते आणि मान्य केले नव्हते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतल्या एका मुलाने प्रदर्शनासाठी घोड्याचे चित्र आणले. घोडा फार चांगला होता. इतका चांगला, की मला संशय आला. मी कागद खिडकीशी धरला, रेघा पाहिल्या आणि त्याला वर्गासमोर उभे केले. खिडकीच्या काचेवर कॅलेंडर धरून त्याने घोडा गिरवला होता. तो म्हणाला, ''सर, पाय कसे वळतात ते कळत नव्हतं, म्हणून.'' मी म्हणालो, ''मग बक्षीस काचेला द्यावं लागेल.'' वर्ग हसला. मलाही आपला विनोद आवडला. त्या दिवसानंतर त्या मुलाने माझ्या तासाला वहीत रेघ ओढली ती फक्त पट्टीने. परीक्षेलाही तो बसला नाही.

ज्या गुरूला मी दिसत नव्हतो त्याने मला वीस वेळा चुकू दिले. आणि ज्याला मुलगा समोर दिसत होता त्या गुरूने त्याला एकदाही चुकू दिले नाही. झोंबले ते हेच.

अशा वेळी आपल्याकडे एकलव्याची आठवण येते. मलाही आली, आणि प्रथम ती मला सोयीची वाटली. मातीच्या पुतळ्यासमोर धनुर्विद्या शिकणारा तो, काचेच्या पडद्यासमोर शिकणारा मी! पण सोयीची उपमा मास्तराने तपासून घ्यावी. आपण ही कथा सांगतो तेव्हा घाईघाईने अंगठ्यापाशी जातो. द्रोणांनी अंगठा मागितला हे क्रूर झाले, असे आपण म्हणतो, आणि ते क्रूरच होते. परंतु अंगठ्याच्या आधी कथेत आणखी एक क्षण आहे. भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बाणांनी भरलेले पाहून पांडव त्या धनुर्धराला शोधीत येतात आणि 'तू कोण?' असे विचारतात. त्या रानात एकलव्याला खोटे बोलायला कोणाची आडकाठी होती? द्रोणांनी त्याला परत पाठवले होते. त्याच्या हाताला वळण लावले नव्हते की एक शब्द शिकवला नव्हता. 'मी स्वतःच शिकलो' असे तो म्हणता, तर ते निम्म्याहून अधिक खरे ठरले असते आणि अंगठाही वाचला असता. तो म्हणाला, मी हिरण्यधनूचा पुत्र आणि द्रोणांचा शिष्य. गुरुदक्षिणा त्याने तिथेच दिली होती. अंगठा नंतर गेला. नाव आधी दिले होते.

मी शाल पांघरून उभा होतो तेव्हा माझा अंगठा कोणी मागत नव्हते. नाव सांगितले असते तर गेले काय असते? एक शब्द : 'प्रतिभा'. तेवढाही मला सोडवला नाही.

कोणी म्हणेल, ही चोरी कशी? त्या गृहस्थाने फाइल स्वतःहून मोकळी ठेवली होती. घ्या म्हणून सांगितले होते. मान्य. कायद्याने ती चोरी नसेल. गिरवणे हा तर शिकण्याचा राजमार्गच आहे. आपण सारे पाटीवरचे अक्षर गिरवूनच शिकलो. गवई गुरूची तान गिरवतो, सून सासूची चकली गिरवते आणि पहिली दोन वर्षे तरी ती सासूची आहे असेच सांगते. गिरवण्यात खोटे काहीच नाही. खोटे असते ते गिरवलेल्याखाली केलेल्या सहीत. मी कादंबरीकार आहे. दुसऱ्याचे एक वाक्य माझ्या पानावर आले तर मी शरमेने मरेन. मग दुसऱ्याची ज्योत माझ्या पडद्यावर येताना मला शरम का वाटली नाही? मला वाटते, त्याचे कारण एवढेच, की तो माणूस दूर होता, त्याने मला पाहिले नव्हते, आणि तो कधी आमच्या सभागृहात येणार नव्हता. जो आपल्याला पाहत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावर आपली नीती पारखली जाते.

मग ऋणाचा प्रश्न. व्यवहारी मित्र म्हणतात, ''अहो, जाहिरातींचे पैसे त्याला मिळतात. तुम्ही धडा पाहिलात, हिशेब मिटला.'' हे मला पटत नाही. पैशाचा हिशेब मिटतो म्हणून ऋण मिटतेच असे नाही. आमच्या पगाराने पालकांचा आणि आमचा हिशेब मिटतो, तरी मुले वाकून नमस्कार करतातच. शिवाय ज्या रस्त्याने ही विद्या माझ्या घरी आली तो रस्ताच मुळी फुकट मिळालेला आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सगळ्या जगासाठी मोफत खुली केली. मी पणती केली ते ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर. ते चालवणारी कंपनी बुडाली तेव्हा त्याचे जनक टॉन रोसेंडाल यांनी २००२ साली एक लाख युरोंची वर्गणी उभी केली. काही आठवड्यांत ती जमली आणि ते सॉफ्टवेअर सर्वांचे झाले. आपल्या गणेशोत्सवासारखीच ही वर्गणी. फक्त मांडव कायमचा उभा राहिला, आणि वर्गणी देणाऱ्यांपैकी कोणालाही कृष्णाकाठचा मास्तर त्यात येऊन बसेल हे ठाऊक नव्हते.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न ठाऊक होता असे मला वाटते. देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे त्यांनी सांगितली. त्यांपैकी ऋषींनी आपल्यापैकी कोणाला पाहिले होते? तरी ऋण आहेच, असे ते म्हणाले. आणि ते फेडायचे अध्ययनाने. तर्पणात तर ऋषींची नावे घेऊन पाणी सोडतात. म्हणजे नाव घ्या, शिका आणि पुढे द्या, इतका साधा हिशेब आहे. हे ज्यांनी सांगितले त्यांनीच एकलव्यासारख्यांना दारात उभे केले नाही, हा त्यांचा दोष, हिशेबाचा नव्हे.

एका शनिवारी मी त्या मुलाच्या दुकानात गेलो. आता तो पंचविशीपलीकडचा आहे आणि स्टँडमागे फ्लेक्स छापण्याचे दुकान चालवतो. वाढदिवसाचे फलक, जत्रेच्या कमानी, लग्नाचे हलते निमंत्रण, सारे करतो. मला पाहून तो उठला. ''या ना सर, बसा.'' चहा सांगितला. मी विचारले, ''हे सगळं कुठं शिकलास?''

''व्हिडिओ बघून, सर. आणखी कुठं?''

मी त्याला पणतीची गोष्ट सांगितली. मग घोड्याची. तो बराच वेळ माऊस फिरवीत राहिला. शेवटी म्हणाला, ''पण सर, मी खरंच काच वापरली होती.''

''हो,'' मी म्हणालो. ''आणि मी विचारायला पाहिजे होतं, की काचेवर पायांचं काय कळलं.''

त्यावर तो काही बोलला नाही. मी क्षमा मागितली असे मला वाटते. त्याने ती दिली की नाही हे मी सांगू शकत नाही. पण माझी वेबसाइट त्याने उघडायला लावली आणि दोनच मिनिटांत म्हणाला, ''सर, नाव तुटलंय.''

तुटलेच होते. ब्लेंडरमध्ये मी शाळेचे नाव थेट देवनागरीत घातले होते. त्याला आपली जोडाक्षरे जुळवता येत नव्हती; र्‍हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या पाठीमागे जाऊन बसली होती. टाळ्यांच्या गजरात ते कोणाला दिसले नव्हते, मलाही नाही. चार पिढ्यांचे अक्षरवळण सांगणारा मी! त्याने मार्ग दाखवला : अक्षरे आधी इंकस्केपमध्ये नीट जुळवायची, तिथे त्यांचा आकार करून घ्यायचा आणि मग तो आकार ब्लेंडरमध्ये आणायचा. हे कोणत्याच धड्यात मला सापडले नव्हते, कारण माझ्या गुरूच्या लिपीला वेलांटीच नाही. तिथे अक्षरे एकेक करून उड्या मारीत येतात; आपली अक्षरे तशी आणली तर शिरोरेखा तुकड्यातुकड्यांची होते. आम्ही दोघांनी मग दुकानात बसून वेगळे केले. आधी अक्षरे येतात, आणि सगळ्यात शेवटी, पहिलीतले पोर पाटीवर ओढते तशी, एकच शिरोरेखा डावीकडून उजवीकडे सरकत जाते. ती किंचित वाकडी ठेवायची सूचना त्याची.

दादासाहेब फाळक्यांची हकिकत या संदर्भात मला फार मोलाची वाटते. चलच्चित्राची विद्या त्यांनी प्रथम पुस्तके, साप्ताहिके आणि यंत्रांच्या सूचीपत्रांतून मिळवली. म्हणजे न पाहिलेल्या गुरूंकडूनच. तेवढ्याने भागेना तेव्हा १९१२ साली ते लंडनला गेले, आणि सेसिल हेपवर्थ या निर्मात्याने त्यांना आपला स्टुडिओ दाखवला. परत आल्यावर एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून, एकेक चित्र टिपत, त्यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवलदाराचे मन वळवले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. सूचीपत्राने विद्येचे दार दाखवले, समोरच्या माणसाने ते उघडून दिले. पण अंकुर मात्र स्वतःच्याच कुंडीत उगवावा लागला. न पाहिलेला गुरू आणि समोरचा गुरू यांच्यात वाद लावण्यात अर्थ नाही. पहिल्यापाशी धीर असतो, दुसऱ्यापाशी डोळे. समोरच्या गुरूने डोळे असून धीर सोडला, तर मात्र मुलांनी पडद्याकडे वळावे यात नवल नाही.

ती पणती मी काढून टाकली नाही. पानाच्या तळाशी दोन ओळी घातल्या : ज्योत अमक्याच्या धड्यावरून गिरवली आहे, अक्षरांची जुळणी आमच्या माजी विद्यार्थ्याची. दोघांची नावे तिथे आहेत. माझ्या परदेशी गुरूला मी मोडक्या इंग्रजीत एक पत्र पाठवले. उत्तर आलेले नाही. त्याला अशी किती पत्रे येत असतील! नववीच्या वर्गात मी सगळी हकिकत सांगितली, घोड्यासकट. ती मुलगी खाली मान घालून ऐकत होती; आपण सरांना अडचणीत टाकले, असे तिला वाटत असावे. तिला मी तासानंतर थांबवून म्हटले, ''तू विचारलंस ते बरं केलंस.'' ती ''हो सर'' म्हणाली आणि गेली. या वेळी मला झोप लागली.

आता दर शनिवारी शेवटचा तास गिरवण्याचा असतो. खिडकीच्या काचेवर कागद धरून मुले हवे ते गिरवतात. अट एकच : खाली कोणाचे गिरवले त्याचे नाव लिहायचे आणि गिरवताना काय कळले ते एका ओळीत लिहायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी एका मुलाने आकाशकंदील गिरवला आणि खाली लिहिले : 'आजोबांचा. आत दिवा कुठे लटकवायचा ते कळले.'